आधी रॅम बघ

चि. भाचीस,


कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला, हे वाचून फार आनंद झाला. आता लॅपटॉपचं. साधारण एकाच किमतीत दोन लॅपटॉप तुझ्या मनात भरलेत: एकात 8 जीबी रॅम आणि 1 टीबी एसएसडी, दुसऱ्यात 16 जीबी रॅम आणि 512 जीबी एसएसडी. बाबा म्हणतात, जागा जास्त ती बरी. मी मात्र सांगेन, 16 जीबीवाला घे.

एसएसडीवर तुझ्या फाइल्स राहतात. चालू असलेलं काम रॅममध्ये असतं. विंडोज 11 साठी मायक्रोसॉफ्टने किमान 4 जीबी रॅमची अट ठेवली आहे, पण ती मशीन सुरू होण्यापुरती. तुला ब्राउझरचे पंधरा-वीस टॅब, एखादी ऑनलाइन मीटिंग आणि कोड हे सगळं एकदम उघडं लागेल. पुढे अँड्रॉइड स्टुडिओत एम्युलेटर चालवायचा झाला, तर गूगल स्वतःच किमान 16 जीबी मागतं. शिवाय वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सही याच रॅममधून वाटा घेतं.

रॅम भरली की विंडोज त्यातला काही भाग एसएसडीवर उतरवते आणि लागेल तेव्हा परत आणते. एसएसडी कितीही वेगवान असली तरी रॅमच्या मानाने बरीच मंद. मग साधी विंडो बदलतानाही मशीन अडकतं. तेव्हा एसएसडीवर निम्मी जागा रिकामी असली, तरी तिचा काही उपयोग होत नाही.

खरा मुद्दा पुढचा. आजच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. ती नंतर वाढवता येत नाही. म्हणून दुकानात डेमोचं मशीन सुरू करून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाब. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. ‘फॉर्म फॅक्टर’पुढे ‘रो ऑफ चिप्स’ दिसलं, तर रॅम सोल्डर केलेली आहे असं समज. ‘एसओडिम’ दिसलं तर ती काढता-घालता येते. ‘स्लॉट्स यूज्ड’मध्ये एखादा स्लॉट रिकामा आहे का, तेही बघ.

8 जीबीवाल्यात असा स्लॉट निघाला, तर बाबांचं म्हणणं बरोबर आहे. तो घे आणि पुढच्या वर्षी रॅम वाढव. फक्त मागचं झाकण उघडल्याने वॉरंटीला बाधा येते का, हे आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारून घे.

512 जीबी पुरेल का, ही काळजी सोड. विंडोजमध्ये ते 476च दिसतील. कंपनी हजाराने मोजते, विंडोज 1024 ने, म्हणून हा फरक. तेवढ्यात विंडोज, सॉफ्टवेअर, चार वर्षांच्या असाइनमेंट्स आणि पीडीएफ आरामात मावतात. जागा खातात ते फोटो, व्हिडिओ आणि गेम्स. फोटो-व्हिडिओंसाठी पुढे यूएसबीची बाहेरची एसएसडी घेता येते, आणि बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये आतली एम.2 एसएसडीही बदलता येते. मॅकबुकची गोष्ट निराळी: तिथे आतलं काहीच वाढवता येत नाही. तिथेही अ‍ॅपलने ऑक्टोबर 2024 मध्ये मॅकबुक एअरची सुरुवातच 16 जीबीपासून केली. 8 जीबी आता अपुरे पडतात, हे त्यातून कळतं.

एक मात्र पाळ. जागा कितीही असो, प्रोजेक्टची दुसरी प्रत लॅपटॉपबाहेर ठेवत जा. एसएसडी बंद पडली तर आतला डेटा परत मिळेलच असं नाही.

बाबांना हे पत्र वाचायला दे. दोघं मिळून दुकानात जा, टास्क मॅनेजर उघडून बघा आणि मगच पैसे द्या. जागा नंतर विकत मिळते. सोल्डर केलेली रॅम मिळत नाही.

तुझा,
मामा