मूल दूर निघते तेव्हा



जून महिना आला की आपल्या धर्मग्रामात ट्रंका भरण्याची गडबड सुरू होते. दौंडच्या रेल्वेतील कुटुंबे असोत की शिरूर-रांजणगावकडे कंपनीत शिफ्टला जाणारी, कित्येकांची मुले शिकायला बोर्डिंगमध्ये असतात. आई कपड्यांवर नाव घालते, डब्यात चिवडा-लाडू भरते. वडील फी भरतात, एस.टी.त जागा धरतात, खिशात शंभराची नोट कोंबतात आणि म्हणतात, "नीट अभ्यास कर." झाले! पुढे रविवारी फोन येतो. "पैसे आहेत ना? परीक्षा कधी? बरं, आईशी बोल." बापाला माया नसते असे कोण म्हणेल? ओव्हरटाइम तो कोणासाठी करतो? पण ती माया तोंडाने सांगायची त्याला लाज वाटते, आणि चांगल्या-वाईटाचे चार शब्द सांगायचे काम तो आईवर, सिस्टरांवर, नाहीतर आम्हा फादरांवर सोपवून मोकळा होतो.

पवित्र शास्त्रातील तोबीतचे पुस्तक आपल्या घरात फार थोडे लोक उघडतात. ते जरूर उघडा. तोबीत हा परक्या देशात राहणारा, दृष्टी गेलेला, हातात पैसा नसलेला बाप. दूरच्या गावी ठेवायला दिलेल्या पैशांची त्याला आठवण होते आणि ते आणण्यासाठी तो आपला एकुलता मुलगा तोबिया याला पाठवायचे ठरवतो. म्हणजे निमित्त पैशाचेच! पण चौथा अध्याय वाचून पाहा. पैशाचा विषय अगदी शेवटी येतो. त्याआधी तो मुलाला सांगतो, आईला जप, तू पोटात असताना तिने किती सोसले ते विसरू नकोस. गरिबाकडे पाठ फिरवू नकोस. मजुराची मजुरी त्याच दिवशी देऊन टाक. जे तुला नकोसे वाटते ते दुसऱ्याला करू नकोस. दारूच्या आहारी जाऊ नकोस. शहाण्या माणसाचा सल्ला घे. आणि मग, आपण गरीब झालो म्हणून घाबरू नकोस, असेही सांगतो.

दारूचे ते वाक्य वाचून काही वडील मान खाली घालतील. ज्याच्या तोंडाला संध्याकाळी वास येतो, तो मुलाला हे सांगणार कसे? म्हणून तो काहीच सांगत नाही. पण तोबीत तरी कुठे निर्दोष होता? दोनच अध्याय आधी त्याने बायकोवर बकरीच्या करडाच्या चोरीचा खोटा आळ घेतला होता. ती बिचारी कष्ट करून घर चालवत होती, ते करडू तिला मालकांनी खुशीने दिले होते. हा तिच्यावर खेकसला, आणि तिनेही त्याला खडे बोल सुनावले. तोच माणूस मुलाला निरोप देताना आईला जपण्याची गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. स्वतः चुकलेल्या बापालाही बोलण्याचा हक्क आहे. मात्र आधी स्वतःला सावरण्याची तयारी हवी.

दुसरा बाप आपल्या जवळचा आहे. दौंडहून पुण्याला जाताना केडगाव स्टेशन लागते. तेथील मुक्ती मिशन पंडिता रमाबाईंनी उभारले हे आपण जाणतोच. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत विद्वान. स्त्रियांना शिकवणे पाप मानले जात असताना त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, आणि वडील वृद्ध झाल्यावर आईने रमाबाईंना शिकवले. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरले. १८७४ साली मद्रास इलाख्यात दुष्काळात सापडले. पैसा संपला, धान्य संपले. वृद्ध आणि अंध अनंतशास्त्रींनी जलसमाधी घेण्याचे ठरवले आणि एकेकाला जवळ बोलावून निरोप घेतला. सोळा वर्षांच्या रमाबाई सर्वांत धाकट्या, म्हणून त्यांची पाळी शेवटी आली. मुलीचा चेहरा दिसत नव्हता. वडिलांनी तिला घट्ट कवटाळले, डोक्यावरून, गालांवरून हात फिरवला. मी तुझ्यावर किती प्रेम केले आणि तुला योग्य ते कसे शिकवले याची आठवण ठेव, असे ते दाटल्या कंठाने म्हणाले. मग सांगितले की सन्मार्ग सोडू नकोस, जगलीस तर अब्रूने जग आणि जन्मभर देवाची सेवा कर.

प्रेम आधी, उपदेश नंतर. आपण बहुधा उलटे करतो, आणि दुसरा भाग राहूनच जातो!

मोठ्या मुलाने मजुरी करीन म्हणून सांगितले, तेव्हा जलसमाधीचा बेत टळला. पण थोड्याच दिवसांत अनंतशास्त्री वारले. रमाबाईंचा १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला, तो अँग्लिकन चर्चमध्ये, हेही सांगितले पाहिजे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील उपाशी मुलींना त्यांनी केडगावी आणले. १९०७ साली त्यांनी आपली साक्ष लिहिली, तेव्हा तेहतीस वर्षांपूर्वीचे वडिलांचे ते बोलणे त्यांना हाताच्या स्पर्शासकट आठवत होते. वडील हिंदू होते म्हणून त्यांनी ते बोल टाकून दिले नाहीत.

कोणी म्हणेल, फादर, संत योसेफ तरी शुभवर्तमानात कुठे एक शब्द बोलतो? खरे आहे. पण बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत मागे राहिला तेव्हा तोही मरियेबरोबर उलट पावली परतला, तीन दिवस शोधत राहिला. न बोलणाऱ्या वडिलांनी निदान हॉस्टेलच्या भेटीच्या रविवारी स्वतः जावे, आईला एकटीला पाठवू नये. आणि या आठवड्यात ट्रंक बांधून झाली की मुलाला, मुलीला समोर उभे करून डोक्यावर हात ठेवा, कपाळावर क्रूसाची खूण करा. शब्द सुचले नाहीत तर तोबीतचा चौथा अध्याय दोघांनी मिळून वाचा.

तोबिया परत आला तेव्हा आंधळा बाप ठेचकाळत दारापर्यंत गेला. मुलाने त्याच्या डोळ्यांना औषध लावले, आणि दृष्टी आल्यावर तो त्याच्या गळ्यात पडून रडला. अनंतशास्त्रींना ते भाग्य लाभले नाही. केडगाव त्यांनी पाहिलेच नाही.