नियम आणि अपवाद

लंडनला मुलाकडे राहावयास आल्यापासून आमच्याकडे एक काम आपोआप आले आहे. संध्याकाळी नात अभ्यासाला बसली की पुस्तक हातात धरून तिची उजळणी ऐकावयाची. तिच्या जी. सी. एस. ई. परीक्षेच्या विषयांत स्पॅनिश आहे. या देशातील शाळांत पूर्वी फ्रेंचचा मोठा मान. परंतु २०२५ साली या परीक्षेला स्पॅनिश घेणारी मुले प्रथमच फ्रेंचवाल्यांहून अधिक झाली. आम्हांला त्या भाषेचा गंध नव्हता, पण रोज ऐकून क्रियापदांची रूपे आमच्याही तोंडात बसू लागली आहेत.

स्पॅनिश क्रियापदांचे तीन वर्ग: 'आर', 'एर' आणि 'ईर' यांनी संपणारे. 'आब्लार' म्हणजे बोलणे. मी बोलतो 'आब्लो', तू बोलतोस 'आब्लास', तो बोलतो 'आब्ला', आम्ही बोलतो 'आब्लामोस'. हा साचा एकदा पाठ झाला की हजारो क्रियापदे त्यात चालतात. परंतु 'सेर', म्हणजे असणे, हे क्रियापद साच्याला मुळीच जुमानत नाही: सोय, एरेस, एस, सोमोस! 'मी होतो' आणि 'मी गेलो' या दोहोंना तर 'फुई' हे एकच रूप आहे.

एके दिवशी नातीने 'मोडलेले' या अर्थी 'रोंपिदो' असे लिहिले. 'रोंपेर', म्हणजे मोडणे, यापासून नियमाने तेच व्हावयास हवे. पण रूढ शब्द आहे 'रोतो'. वहीत लाल फुली आली. ती आम्हांला म्हणाली, "आजोबा, मी तर नियम पाळला. मग चूक माझी कशी?"

प्रश्न व्याकरणाचा होता, पण आम्हांला तो न्यायाचा वाटला. नियम पाळणाऱ्याला फुली आणि मोडणाऱ्याला मान, हा कोठला न्याय?

प्रथम आम्ही तिला आपल्या मराठीकडे वळविले. 'बसणे'चे 'बसला', 'उठणे'चे 'उठला'. मग 'जाणे'चे 'जाला' का नाही? आपण 'गेला' म्हणतो. 'येणे'चे 'आला', 'करणे'चे 'केले'. लहानपणी ती 'मी करलं' म्हणे आणि आम्ही सारे हसत असू. वास्तविक त्या पोरीने कोणी न शिकविता नियम शोधून काढला होता. हसावयाचे त्यात काय होते?

आता अपवादांची यादी पाहा. असणे, जाणे, येणे, देणे, करणे: ज्यांच्यावाचून एक दिवस सरत नाही तीच ही क्रियापदे. इंग्रजीतही तसेच. २००७ साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात हार्वर्डच्या संशोधकांनी याचा हिशेब मांडला. त्यांनी तपासलेल्या जुन्या इंग्रजीतील १७७ अनियमित क्रियापदांपैकी आज ९८ तशी उरली आहेत. जी क्वचित वापरात होती ती लवकर नियमाखाली आली. जी रोज तोंडी राहिली ती टिकली. 'हेल्प'चे भूतकाळी रूप एके काळी 'होल्प' असे होते, ते 'हेल्प्ड' झाले. 'गो'चे 'वेन्ट' मात्र जागचे हलले नाही.

ही सवलत कोणा राजाने दिलेली नाही. १४९२ साली नेब्रिहा या पंडिताने स्पॅनिश भाषेचे व्याकरण छापून इसाबेला राणीला अर्पण केले. त्याच वर्षी त्याच राणीच्या राज्यातून यहुद्यांना घालवून देण्यात आले. त्या घराण्यांपैकी काहींचे वंशज पुढे लंडनला आले. बेव्हिस मार्क्स येथील त्यांचे सिनेगॉग १७०१ सालापासून उभे आहे. दुसरे कित्येक तुर्कांच्या राज्यात गेले आणि भाषा बरोबर घेऊन गेले. स्पेनमध्ये 'मी आहे' याला 'सोय' म्हणणे रूढ झाले. यांच्या घरांत जुने 'सो' राहिले. स्पेनमध्ये 'मी गायलो' म्हणजे 'कांते'; यांनी त्याचे 'कांती' केले. आज शाळेच्या वहीत दोन्ही रूपांवर लाल फुली पडेल. पण सॅलोनिकाच्या आयांनी याच भाषेत चारशे वर्षांहून अधिक काळ मुलांना निजविले. रूप टिकते ते रोज कामी आल्याने.

वाचकहो, येथे आम्ही थबकलो. भाषेत सवलत मिळते ती सर्वांत जास्त राबणाऱ्याला. माणसांत बहुधा उलट दिसते. कामाच्या दिवशी जो फिरकत नाही, तोच "आमची गोष्ट वेगळी" असे म्हणत येतो. शिवाय अपवादाचे ओझे अपवाद स्वतः उचलीत नाही. 'रोतो'ला कसलेच कष्ट नाहीत; कष्ट आहेत ते पाठ करणाऱ्या पोरीला.

हा विचार करीत असता आमचे लक्ष स्वयंपाकघराकडे गेले. या घरात सर्व जण सात वाजता जेवतात. आम्ही साडेआठला, कारण आम्हांला तशी सवय. आम्हांला तांदळाची भाकरी लागते आणि आमटी कमी तिखट. सूनबाई नोकरीवरून दमून येते आणि हे सारे दोनदा करते. आजवर ती एका शब्दाने बोलली नाही. आमची सारी रूपे तिने पाठ केली होती. त्या बदल्यात आम्ही घरात काय राबत होतो? पुस्तक धरीत होतो!

नातीला आम्ही सांगितले, "बाळ, फुली बरोबर आहे, पण चूक प्रामाणिक माणसाची आहे. नियम बुद्धीने कळतो. अपवाद कळावयास सहवास लागतो. ती फुली लाजेची नाही." लहानपणी हसलो त्याबद्दल क्षमाही मागितली. तिला त्याची आठवणही नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही सात वाजता सर्वांबरोबर जेवावयास बसतो. आमटी तिखट लागते, मग पाणी पितो. भाकरी मात्र सोडवली नाही. म्हणून जेवणानंतरची भांडी आम्ही घासतो. सूनबाईने पहिले दोन दिवस "राहू द्या, बाबा" म्हटले. तिसऱ्या दिवशी म्हटले नाही. आम्हांला ते बरे वाटले.