झोपेचे सोंग

मी कोकणातला. पावसाची मला मातब्बरी वाटू नये, अशी माझी आपली एक समजूत होती. पण आमच्याकडचा पाऊस मी आजवर पडवीतून पाहिला होता, नाहीतर शाळेच्या कौलांखाली बसून ऐकला होता. डोक्यावर काहीच नसताना तो कसा असतो, हे मला यंदाच्या ज्येष्ठात, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळले. माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरला पायी निघालो होतो, तेव्हाची ही हकीकत.

हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटरांचे. पुणे सोडले की दिवेघाट, मग सासवड, जेजुरी, वाल्हे आणि नीरा ओलांडून लोणंद. दिवसभर चालायचे, मुक्कामाला पोचले की दिंडीच्या ट्रकमधून राहुट्या उतरवून माळावर ठोकायच्या आणि त्यांत दाटीवाटीने अंग टाकायचे. या वाटेवर कुणाला नाव विचारण्याचे कारण पडत नाही. पुढच्याला हाक मारायची तर 'माउली', मागून वाट हवी तर 'माउली', कुणाच्या अंगावर चहा सांडला तरी 'माउली'च! आणि पदोपदी पाया पडणे. तरुण म्हाताऱ्याच्या पाया पडतो, तसाच म्हाताराही तरुणाच्या पडतो. पहिले दोन दिवस मी संकोचलो. मग मला ते आवडू लागले, हे कबूल केले पाहिजे. रोज चाळीस मुलांना 'उठा' आणि 'बसा' सांगणाऱ्या माणसाला दुसऱ्याचा नमस्कार घेणे फारसे जड जात नाही.

वाल्ह्याच्या मुक्कामी रात्री पाऊस कोसळला. आमच्या राहुटीत पंधरा माणसे होती. माझी जागा दाराशी, पण जराशी उंचवट्यावर असल्यामुळे कोरडी होती. शेजारी माझी पिशवी होती. तीत नव्या कादंबरीचे हस्तलिखित होते, म्हणून तिला प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून, हातभर जागा देऊन, मी अगदी माणसासारखी निजवली होती. मध्यरात्री केव्हातरी राहुटीचा पडदा हलला आणि कोणीतरी हलक्या आवाजात म्हणाले, "माउली, वाईच सरकता का? टेकण्यापुरती जागा द्या."

मी जागा होतो, आणि माझ्यापाशी जागाही होती. पिशवी उशाला घेतली असती तर एक माणूस सहज मावला असता. पण मी डोळे मिटून पडून राहिलो. मनाशी म्हटले, पलीकडचा कोणी उठेल. याची स्वतःची दिंडी असेलच की कुठेतरी. आणि उद्या वीस किलोमीटर चालायचे आहे. तो माणूस थोडा वेळ उभा राहिला. त्याच्या धोतराचे पाणी टपटपत होते, ते मला ऐकू येत होते. मग पडदा पुन्हा हलला आणि तो गेला.

सकाळी चहाच्या पातेल्याशी गर्दी होती. मी पेला घेऊन बाजूला झालो, तसा मागचा एक म्हातारा पुढे आला आणि वाकून माझ्या पाया पडला. "माउली," म्हणाला. तो एकच शब्द, पण आवाज मी ओळखला. माझ्या हातातला चहा हिंदकळला.

नीरेच्या वाटेवर मी त्याला गाठले. पुष्कळ वेळ नुसता बरोबर चाललो. शेवटी म्हटले, "बाबा, काल रात्री तुम्ही जागा मागितलीत, तेव्हा मी जागा होतो."

"ठावं हाय की," तो चालता चालताच म्हणाला. "झोपल्याला माणसाला हाक मारली की त्यो कूस तरी बदलतो. तुमी तर हललाच न्हाई."

"मग कुठे झोपलात?"

"टरकाखाली. तितंबी चार जण हुतीच."

"आणि तरीही सकाळी माझ्या पाया पडलात?"

त्याने माझ्याकडे असे पाहिले, की मी काही भलताच प्रश्न विचारला असावा. "वारीत पाया पडायचं न्हाई तर काय करायचं? चला, पादुकांचं स्नान गाठायचं हाय," एवढे बोलून तो पुढे गेला. पुढे तो मला दिसला नाही.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे. आम्ही शिक्षक मंडळी पेपर तपासल्यावर गुण देतो. ज्याने जेवढे लिहिले तेवढे त्याला, हा आमचा न्याय. जगातला मानसन्मानही सामान्यपणे याच हिशेबाने चालतो. मग ज्याने कोरा पेपर दिला हे ठाऊक आहे, त्यालाही पुरे गुण देणारा हा नमस्कार कसला? सगळ्यांच्याच पायाशी वाकणे म्हणजे कुणाच्याच पायाशी न वाकणे नव्हे काय?

हा आक्षेप पोकळ नाही. पंढरपुरात महाद्वाराशी चोखोबांची समाधी आहे. चौदाव्या शतकातल्या या संताला देवळात पाऊल टाकता आले नाही. अस्पृश्य मानलेल्यांना ते दार उघडले १९४७ साली, साने गुरुजींनी उपोषण मांडल्यानंतर. मधली सहाशे वर्षे टाळ वाजत होते, चोखोबांचे अभंग गायले जात होते, माणसे एकमेकांच्या पायाशी वाकत होती. दाराशी उभा असलेला माणूस ऐकू येत नव्हता असे नाही. एका रात्रीपुरते मी जे केले, तेच आपण सगळ्यांनी मिळून सहाशे वर्षे केले. झोपलेल्याला उठवता येते, सोंग घेतलेल्याला उठवता येत नाही, ही म्हण आपल्यातल्या कुणाला शिकवावी लागत नाही.

पण मग म्हाताऱ्याचा तो नमस्कार खोटा होता, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ऊसतोडीला जाणारी माणसे हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतात. पैसा आधी हातात पडतो. काम मागाहून, कोयत्याने फेडायचे. तो नमस्कार मला या उचलीसारखा वाटतो. केलेल्या कामाची ती मजुरी नव्हे. तू माउली आहेस, असे तो सांगत नाही. तुला माउली धरून चाललो आहे, आता तुझे तू पाहा, एवढेच तो सांगतो. उचल घेऊन जो घरी बसतो, त्याच्यापाशीच ती पोकळ होते. देणाऱ्याचा त्यात दोष नाही.

मुक्कामी संध्याकाळी समाजआरती होते. चोपदार दंड उंचावतो आणि क्षणात हजारो टाळ थांबतात. ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात, मग चोपदार तिकडे जाऊन ऐकून घेतो. लोणंदला मी त्या शांततेत उभा होतो. माझ्याविरुद्ध ज्याने गाऱ्हाणे करायचे, त्याचे टाळ गप्प होते. माझ्या मनातला एक टाळ मात्र थांबायला तयार नव्हता.

वारीहून परतलो. श्रावणातल्या एका सकाळी मी फळ्यावर गणित लिहीत होतो. पाठीमागून आवाज आला, "गुरुजी, आत येऊ?" उशीर झालेल्या मुलाने पहिला तास व्हरांड्यात उभे राहायचे, हा माझाच नियम. साकवावरून पाणी गेले होते, हे मला माहीत होते. तरी मी गणिताची आणखी एक ओळ लिहिली. फळ्याकडे तोंड करून उभे राहणे हेही झोपेचे सोंगच, हे ध्यानात यायला ती एक ओळ लागली. मग वळलो. पोरगा नखशिखांत भिजला होता, दप्तर तेवढे छातीशी प्लास्टिकच्या पिशवीत कोरडे धरले होते. मी माझ्या टेबलाजवळचा बाक त्याच्यासाठी सरकवला.

उचल फिटली असे मी म्हणत नाही. अजून एक ओळ लिहून होईपर्यंत मी वळत नाही, एवढे माझे मलाच कळले आहे.

दिवाळीत आपण दाराशी पणती लावतो. लहानपणी आई म्हणायची, पणती दिसली की वाटसरूला कळते, घरात कोणीतरी जागे आहे. तेव्हा मला ते नुसते म्हणणे वाटले होते. यंदा ती पणती लावताना मला थोडी भीती वाटणार आहे. कारण ती पाहून खरेच कोणी हाक मारील.