प्रतिज्ञा आणि सोबती

पूर्णेकाठच्या केदारखेड्यातील एक वृद्ध शेतकरी मला नेहमी अभिमानाने सांगत, “फादर, जन्मात कुणापुढं हात पसरला नाही.” एका वर्षी ऐन पेरणीत त्यांचा एक बैल आजारी पडला. शेजाऱ्याचा बैल दावणीला उभा होता. यांनी तो मागितला नाही, आणि वाफसा निघून गेला. हेही ते पराक्रमासारखेच सांगत. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून आहे : स्वावलंबन हा सद्‌गुण कोठवर राहतो आणि त्याचा अहंकार कोठे होतो?

या प्रश्नाचा विचार करताना मला दूरच्या दोन मित्रांची हकिगत आठवते. बेन साँडर्स आणि टार्का लेर्पिनिएर हे दोघे ऑक्टोबर २०१३ मध्ये अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरून, कॅप्टन स्कॉट यांच्या जुन्या लाकडी निवाऱ्यापासून, दक्षिण ध्रुवाकडे निघाले. ध्रुव गाठून त्याच वाटेने परत यायचे, असा सुमारे २,९०० किलोमीटरांचा संकल्प होता. १९१२ साली याच वाटेने परतताना स्कॉट आणि त्यांचे चारही सोबती मरण पावले. शेवटचे तिघे तर शिध्याच्या मोठ्या साठ्यापासून अवघ्या १८ किलोमीटरांवर. या दोघा मित्रांनी स्वतःवर एक अट घातली होती : वाटेत बाहेरून काहीही घ्यायचे नाही. आरंभी प्रत्येकाच्या घसरगाडीवर सुमारे २०० किलोंचा भार होता. जाताना परतीचा शिधा बर्फात पुरून ठेवायचा, एवढाच काय तो आधार.

डिसेंबरअखेर त्यांनी ध्रुव गाठला. परतीच्या वाटेवर मात्र अर्ध्या शिध्यावर चालून देह क्षीण झाले, आणि पुरलेला पहिला साठा सुमारे ७४ किलोमीटर दूर असताना अन्न संपत आले. तेव्हा त्यांनी रसदीसाठी विमान मागविले. अट मोडली. ती मोडल्याचे त्यांनी जगापासून लपविले नाही. एकूण १०५ दिवसांनी, फेब्रुवारी २०१४ मध्ये, दोघेही पायी चालत किनाऱ्यावर परतले.

कोणी म्हणेल, संकटात मोडायचीच असेल तर प्रतिज्ञा करावी कशाला? हा आक्षेप हलका नाही. परंतु प्रतिज्ञा कोणाशी केली, हे आधी पाहावे लागते. विवाहाचे वचन दुसऱ्याला दिलेले असते. आपल्या सोयीसाठी ते मोडणे हा अन्याय होय. ध्रुवावरची अट त्या दोघांनी केवळ आपली कसोटी पाहण्यासाठी घातली होती. तिची किंमत सोबत्याच्या प्राणाने चुकती करण्याचा अधिकार दोघांपैकी कोणालाही नव्हता. शास्ते या ग्रंथातील इफ्ताह अविचाराने नवस बोलला आणि तो फेडताना पोटच्या मुलीला मुकला. संत थॉमस अक्वायनस संत जेरोम यांचा आधार घेऊन सांगतात, की असा नवस बोलणे हा मूर्खपणा आणि तो फेडणे हा अधर्म.

शिवाय, संपूर्ण निराधार असा मनुष्य असतो तरी कोठे? त्या दोघांना अंटार्क्टिकावर विमानानेच उतरविले होते. त्यांच्या स्की, त्यांचा तंबू, सारे दुसऱ्यांच्या हातांनी घडले होते.

आपल्या पूर्वजांना हे उमगले होते. एक बैल याचा, एक त्याचा, अशी जोडी करून दोघांचीही राने पेरण्याच्या रीतीला त्यांनी सावड म्हटले. सावडीत घेणारा मिंधा होत नाही. उद्या देणाराही तोच असतो.

पुढे हे सारे मी त्या वृद्ध गृहस्थांशी बोललो. बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, “कळतं सगळं, फादर, पण मागायला जीभ वळत नाही.” त्या बर्फात विमान मागवणाऱ्यालाही ते इतकेच जड गेले असेल. वाचकहो, मागण्यात कमीपणा नाही, हे आपण शिकायलाच हवे. पण ज्याची जीभ वळत नाही, त्याच्या हाकेची वाट पाहत बसणे हा काही शेजारधर्म नव्हे. दावणीचा बैल सोडून आपणच त्याच्या बांधावर जावे.