मधल्या दिवसांचं दुखणं

संधिवाताचे डॉक्टर तीन-तीन महिन्यांनी भेटतात आणि दुखणं रोज भेटतं. दोघांची गाठ मात्र क्वचितच पडते. तपासणीच्या दिवशी नेमके सांधे मोकळे असतात. मागच्या महिन्यात चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागला होता, हे आठवत असतं, पण बाहेर एवढी माणसं ताटकळत बसलेली असताना ते कुठं सांगत बसायचं? "कसं काय?" "बरंय." झाली तपासणी.

आमवातात हे "बरंय" महागात पडतं. औषध वाढवायचं की आहे तेच चालू ठेवायचं, हे बऱ्याच अंशी रुग्णाच्या सांगण्यावर ठरतं. डॉक्टर 28 सांधे दाबून पाहतात, ईएसआर किंवा सीआरपी या रक्तचाचण्या बघतात आणि 'एकंदरीत कसं वाटतंय' या उत्तराचा आकडाही त्याच हिशेबात धरतात. त्या 28 सांध्यांत पावलांचा एकही सांधा नाही! पलंगावरून उतरून पाऊल टेकवताना जी कळ मस्तकात जाते, ती रुग्णानं सांगितली तरच कळणार.

मग वहीत लिहून ठेवा म्हणावं, तर त्याचीही परीक्षा होऊन गेली आहे. संशोधक आर्थर स्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनाट दुखण्याच्या रुग्णांना नोंदवह्या दिल्या. वहीच्या आवरणात प्रकाश टिपणारा छोटा संवेदक बसवला होता, म्हणजे वही कधी उघडली ते कळावं. त्याची कल्पना रुग्णांना नव्हती. 2002 साली निष्कर्ष छापून आले. रुग्णांच्या लेखी 90 टक्के नोंदी वेळेवर झाल्या होत्या. प्रत्यक्षात झाल्या होत्या 11 टक्के. बाकीच्यांतल्या कितीतरी मागाहून, एकदम बसून भरलेल्या. यांना खोटारडं म्हणायला माझी जीभ धजत नाही. शाळेत महिनाअखेरीला शुद्धलेखनाची पानं एका बैठकीत उरकणारे आपणच ना! पण आठवून लिहिलेल्या दुखण्याला लिहितानाच्या दिवसाचा रंग चढतो, हेही खरं. त्याच पाहणीत हातातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रावर नोंदी करणाऱ्यांनी 94 टक्के नोंदी वेळेवर केल्या. यंत्र वेळ झाली की आठवण करून देतं, आणि गेलेला मंगळवार शुक्रवारी भरू देत नाही.

आता तेच काम मोबाइल करतो. मँचेस्टरजवळच्या सॉलफर्डमध्ये 'रेमोरा' नावाच्या प्रकल्पात आमवाताचे रुग्ण घरबसल्या दुखणं, थकवा, सकाळचा ताठरपणा यांची उत्तरं फोनवर देत गेले. काही प्रश्न रोजचे, काही आठवड्याचे, काही महिन्याचे. या उत्तरांचा आलेख थेट रुग्णालयातल्या संगणकावरच्या केसपेपरात उमटतो, आणि भेटीच्या वेळी डॉक्टर व रुग्ण तो मिळून पाहतात. मला यातलं हे शेवटचंच महत्त्वाचं वाटतं. कुणी बघणार नसेल, तर रोज आकडे भरायचे कशाला?

असे आकडे साठले की आणखीही काही कळतं. मँचेस्टरच्याच संशोधकांनी 2016 पासून ब्रिटनभरातल्या 13,000 हून अधिक लोकांना रोजचं दुखणं फोनवर नोंदवायला लावलं, आणि ते असतील तिथलं हवामान त्याला जोडलं. दमट हवा, कमी दाब आणि वारा असला की दुखणं वाढण्याची शक्यता वाढते, असं 2019 मध्ये जाहीर झालं. फरक तसा माफकच, पण होता. पावसाळी हवेत सांधे धरतात, हे आपल्याकडे सांगायला कुणी शास्त्रज्ञ लागला नव्हता.

माझी शंका वेगळी आहे. आपल्याकडच्या कितीतरी घरांत आजीचा स्मार्टफोन प्रत्यक्षात सुनेच्या किंवा नातवाच्या हातात असतो. "आजी, शून्य ते दहा, किती दुखतंय?" सुनेसमोर आजी 8 सांगेल का? की सुनेसमोरच 8 सांगेल? डॉक्टरांपुढचं "बरंय" इथं आकडा होऊन बसायचं. त्यापेक्षा साध्या फोनवर मराठीतून प्रश्न ऐकवावा आणि बटण आजीनं स्वतः दाबावं. फक्त तो फोन उठल्या उठल्या नको. बोटं तेव्हाच सगळ्यांत जास्त आखडलेली असतात.