आजचं चिंतन : सत्यकामाकडे कुठला दाखला होता?



आजचं वाचन छांदोग्य उपनिषदातलं, अध्याय 4, खंड 4. सत्यकामाला शिकायला जायचंय. गुरू गोत्र विचारणार, म्हणून तो आईला, जबालेला विचारतो. ती सांगते, मलाच माहीत नाही; तरुणपणी कामं करत फिरले, तेव्हा तू झालास. माझंच नाव लाव. गौतम ऋषींसमोर पोरगा हेच जसंच्या तसं सांगतो आणि त्याला प्रवेश मिळतो.

हे वाचलं की मला आष्टी तालुक्यातली एक दुपार आठवते. मी बीडचाच, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. कामच लॉगिनचं : ओळख पटली तर आत, नाहीतर एरर. जूनमध्ये मित्रासोबत मुलांचे शाळेचे फॉर्म भरून द्यायला गेलो होतो. एक पारधी बाई सहा-सात वर्षांच्या मुलीला घेऊन आली. जन्म पालावरचा, नोंद नाही, आधार नाही. मी म्हणालो, "ताई, आधी कागद काढून आणा, मग बघू." ती मुलीचा हात धरून निघून गेली. पुढच्या खेपेला पाल उठलेलं होतं.

कायदा मी नंतर वाचला. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 14 सांगतं, वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. जगात कुठल्याच देशाची नागरिक नसलेली मुलं आहेत. ही मुलगी तर भारताचीच. पण माझ्या टेबलासमोर तीही कुठलीच नव्हती. पारधी ही इंग्रजी अमलात 'गुन्हेगार' ठरवलेली जमात. तो कायदा 1952 साली रद्द झाला. म्हणजे एकेकाळी सरकारी यादीत यांची नावं अगदी चोख होती!

गोष्टीत एका ठिकाणी मी अडखळतो. सत्यकामाच्या खरेपणात गौतमांना ब्राह्मण दिसतो, आणि म्हणून ते त्याला घेतात. म्हणजे परीक्षा तिथंही होतीच. सहा वर्षांच्या पोरीनं कुठली परीक्षा द्यायची?

तरी एक गोष्ट उरते. गौतमांनी "नीट चौकशी करून ये" म्हणून त्याला परत पाठवलं नाही. आईचा शब्द पुरला. मी नेमकं तिथंच चुकलो. नोंद लागतेच, नाही असं नाही. पण ती मूल वर्गात बसल्यावरही करता येते. परत गेलेलं मूल पुन्हा येईलच असं नाही.

आजचा संकल्प : बांधकामावर, पालावर शाळेबाहेरचं मूल दिसलं, तर आधी त्याला शाळेत न्यायचं. कागदांसाठी आपण हेलपाटे मारू.

राम कृष्ण हरी.