माशी आणि मूळ

सकाळी ओसरीवर चहाच्या कपाच्या कडेला माशी बसते, पुढचे पाय चोळते. आपण हात उगारतो, ती भुर्रकन निसटते. आपला डोळा सेकंदाला साधारण ६० लुकलुकी वेगळ्या टिपतो, माशीचा सुमारे २५०. आपला झपाटा तिला संथच दिसतो.

हाताला न सापडणारी माशी सापळ्यात सापडते: बाटलीत गुळाचं पाणी, तोंडावर कागदाचं नरसाळं ठेवलं, की आत शिरलेल्या माशीला वाट सापडत नाही. पण ती जन्मते उकिरड्यावर. उन्हाळ्यात अंड्याची माशी आठ-दहा दिवसांत होते. शेण-कचरा त्याआधीच हलवला, खड्ड्यात झाकला, तर हात उगारावाच लागणार नाही. त्रासामागं धावण्यापेक्षा त्याच्या मुळाशी जाऊया.